चौथ्या खोलीतली भरती

१

सकाळी साडेआठला भूपेंद्र खोली उघडायचा, तेव्हा मजूर सहा पावलं मागे उभे राहायचे. हा नेम त्याच्या वडिलांचा. त्यांच्या काळी केळी पिकवायला यंत्रं नव्हती. मातीच्या बंद खोलीत धूर कोंडायचा, आणि अशाच एका खोलीत घाईनं शिरलेला मजूर पुन्हा बाहेर आला नव्हता. तेव्हापासून घराचा कायदा झाला, बंद खोलीतला पहिला श्वास घरच्या माणसानं घ्यायचा. आत जाऊन शंभर मोजायचे, मग हाक मारायची, मगच मजुरांनी आत यायचं.

आता धूर गेला होता. बऱ्हाणपूरहून दापोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूपेंद्रनं जाड पत्र्याच्या चार गार खोल्या बांधल्या होत्या. दारांवर आतली थंडी न् ओल दाखवणारे आकडे लुकलुकत. पण त्याचा विश्वास आकड्यांवर नव्हता, नाकावर होता. दार बोटभर उघडून तो फटीला तोंड लावी, छातीभर श्वास ओढी आणि सांगे, “एक दिवस अजून. उद्या चारला माल काढा.” दुसऱ्या दिवशी चारला केळी पिवळीधमक झालेली असत. त्याचं नाक म्हणजे देवाघरचं देणं, असं व्यापारीसुद्धा म्हणत.

त्याच्या धाकट्या बहिणीला, प्रतिभाला, याचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. सहा वर्षं ती किनाऱ्यावरच्या एका संस्थेत समुद्राच्या तळचा गाळ तपासत होती. तिथल्या थंडगार कक्षाची दुरुस्ती निघाली आणि तिच्या बारा बाटल्या उघड्यावर पडायची वेळ आली, तेव्हा भूपेंद्रच म्हणाला होता, “घेऊन ये ना इकडं. सोळा डिग्री पाहिजे ना तुले? माझ्याकडं चोवीस तास सोळाच असते. केळ्यांच्या बाजूला तुझा चिखल, काय फरक पडते?”

म्हणून त्या बाटल्या चौथ्या खोलीत, मागच्या भिंतीलगतच्या लोखंडी मांडणीवर आल्या. प्रत्येकीत मूठभर काळा गाळ, वर समुद्राचं पाणी, तोंडाला जाड रबरी बूच. अरबी समुद्रात अडीचशे मीटर खालून काढलेला गाळ होता तो. त्यातले जिवाणू अंधारात, हवेवाचून, हळूहळू वायू तयार करतात. मिथेन करतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण इथेन आणि प्रोपेनसुद्धा करतात, तेही थंड चिखलात, हे प्रतिभाला सिद्ध करायचं होतं. तेलवाले लोक हे वायू दिसले की कान टवकारतात, कारण ते जमिनीच्या पोटात खोल उष्णतेतच शिजतात असा समज. तिचं म्हणणं होतं, की शिजायची गरज नाही, हे जिवंत प्राण्यांचं काम आहे. ते दाखवायला शेवटचं एकच मोजमाप राहिलं होतं, वीस मार्चचं. त्यानंतर प्रबंध, आणि त्यानंतर नावामागे डॉक्टर.

भाऊनं तिच्या शिक्षणापायी आपलं शिक्षण बारावीवर सोडलं होतं. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, आणि म्हणूनच प्रतिभाला ते सारखं आठवत असे.

२

तीन मार्चला सकाळी साडेनऊच्या सुमारास ती चौथ्या खोलीत गेली. रोजचंच काम होतं. बाटल्या बघायच्या, तापमान लिहायचं, बाहेर येऊन चहा घ्यायचा.

बारापैकी सहा बाटल्यांवर निळी पट्टी होती, त्या जिवंत गाळाच्या. सहांवर लाल पट्टी, त्या मेलेल्या. मेलेल्या म्हणजे संस्थेत तीनतीनदा वाफेच्या दाबाखाली उकळून निर्जीव केलेल्या. जिवंत बाटलीत वायू झाला आणि मेलेलीत नाही झाला, तरच म्हणता येतं की हे जिवाणूंचं काम. सगळ्या प्रबंधाची भिस्त या सहा मढ्यांवर होती.

त्या सहाही लाल बाटल्यांची बुचं वर फुगली होती. निळ्या बाटल्या मात्र शांत होत्या.

प्रतिभानं बोट लावून पाहिलं. रबर घट्ट होतं, आतून कुणी अंगठा लावून धरल्यासारखं. तिला पहिल्यांदा स्वतःचाच राग आला. उकळताना कुठंतरी कसर राहिली असणार. एखाददुसरा जीव वाचला असेल, आणि सहा वर्षांनी पंचाईत करून ठेवली असेल. मग तिच्या लक्षात आलं की कसर राहिली तर एका बाटलीत राहील, दोहोंत राहील. सहाच्या सहांत सारखीच कशी राहील?

दुपारी चारला ती पुन्हा आत गेली, तेव्हा सहाही बुचं सपाट होती. सपाट कसली, थोडी आत ओढली गेली होती.

वायू एकदा झाला की बंद बाटलीतून जातो कुठं? तिनं बुचं तपासली, साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठंही बुडबुडा येत नव्हता. खोलीतला पंखा एका लयीत घरघरत होता. कॅरेटांच्या उंच थप्प्यांमधून ती बाहेर येत होती तेव्हा पंखा आपसूक थांबला, ठरलेल्या वेळी थांबतो तसा. त्या शांततेत तिला दाराच्या रबरी कडेतून एक लांब उसासा ऐकू आला. दाब बदलला की पत्र्याची खोली आवाज करतेच, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती जरा भरभर चालली.

३

शिकलेल्या माणसाला भीती वाटली की तो वही काढतो. प्रतिभानंही काढली.

बुचातून सुई घालून दाब मोजायचं एक छोटं यंत्र तिच्याकडे होतं. ते तिनं पहिल्या लाल बाटलीला लावून ठेवलं आणि दर तासाला काटा लिहायला सुरुवात केली. चार तारखेला दाब सर्वांत जास्त झाला तो दहा वाजून पंचवीस मिनिटांनी. मग उतरत उतरत दुपारी पार खाली गेला, आणि रात्री पुन्हा चढला. पाच तारखेला सर्वांत जास्त सव्वाअकराला. सहा तारखेला बारा वाजून पाच मिनिटांनी.

रोज पन्नास मिनिटं उशीर. दिवसातून दोनदा चढ, दोनदा उतार.

ती वही घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसली. सहा वर्षं किनाऱ्यावर काढलेल्या माणसाला ही नागमोडी रेघ ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. तरी तिनं फोनवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. गाळ जिथून काढला त्या जागेच्या वेळा आणि वहीतल्या वेळा तिनं शेजारी शेजारी मांडल्या. दोहोंत दोन मिनिटांचा फरक होता, आणि तो बहुधा तिच्या घड्याळाचा होता.

समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर दूर. मधे सातपुडा, खानदेश आणि अर्धा गुजरात. ती मोठ्यानं हसली. लोडशेडिंगची वेळ असेल, कॉम्प्रेसरचा फेरा असेल, खोल्या भरायचा-उपसायचा क्रम असेल. कारणं शोधायला बसलं की माणसाला तोटा नसतो. तिनं तीही एकेक करून लिहिली आणि एकेक करून खोडली. लाइट गेली होती त्या दिवशीही काटा चढला होताच.

संध्याकाळी तिनं पूजाला फोन केला. पूजा संस्थेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. वायूंचं पृथक्करण करणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं.

“काय म्हणतायत तुझ्या बाटल्या?” पूजानं विचारलं.

“ठीक आहेत,” प्रतिभा म्हणाली. “नमुने पाठवते दहा दिवसांत.”

लाल बुचांबद्दल ती बोलली नाही. बोलली असती तर पूजानं सरांना सांगितलं असतं, आणि सरांनी सहा वर्षांवर पाणी सोडायला सांगितलं असतं.

४

दहा तारखेला सरूबाईनं काम अडवलं. ती केळ्यांच्या फण्या निवडून कॅरेटात लावायची, वीस वर्षांपासून. भूपेंद्रच्या वडिलांशीही भांडलेली बाई होती, त्यामुळे मालकाशी बोलताना ती पदर सावरण्यापलीकडे काही भीड ठेवत नसे.

“मी त्या चौथ्या खोलीत नाही जाणार मालक. दुसरं काहीही सांगा.”

“काहून? काय झालं?”

“हे पहा.” तिनं एक पिकलेलं केळं सोलून भूपेंद्रच्या हातात दिलं. “खाऊन पहा ना.”

भूपेंद्रनं घास घेतला, चघळला आणि तोंड वाकडं केलं. प्रतिभानं उरलेलं खाल्लं. केळं चक्क खारट होतं. मीठ वरून लावल्यासारखं नाही, आतून.

“खकनारचा माल आहे,” भूपेंद्र म्हणाला. “तिकडच्या बोअरचं पाणी खारं असन.”

“तोच माल दोन नंबरात आहे, तो गोड आहे. मले नका शिकवू.” सरूबाईनं आवाज खाली आणला. “आन् काल दुपारी मी आत उभी होती तर माझं लुगडं वर येऊन राहिलं. हळूहळू. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं का कसं येते, तसं. मी दोन हातानं दाबून धरलं, तरी येऊन राहिलं.”

“पंख्याची हवा असते बाई.”

“पंखा बंद होता.”

मागचे दोन मजूर जमिनीकडे बघत उभे होते. त्यांनी आत जायला नकार दिला नव्हता, पण पाऊलही उचललं नव्हतं. शेवटी भूपेंद्रच आत गेला. मागोमाग प्रतिभा. भिंतीवर, गुडघ्यापासून वीतभर वर, खोलीभर फिरलेली एक पांढरी रेघ होती. पाण्याच्या टाकीत पाणी उतरल्यावर राहते तशी सरळ. प्रतिभानं बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ. तिच्या खाली आणखी दोन पुसट रेघा होत्या, जुन्या, म्हणजे रेघ वर सरकत होती.

भूपेंद्रनं ते पाहिलं. त्यानं ज्या सुरात तिला लहानपणी दप्तर उचलू का विचारलं होतं, त्याच सुरात विचारलं, “प्रतिभा, तुझ्या बाटल्यांचं काही आहे का हे? सच सांग. असन तर आत्ता उचलून बाहेर ठेवतो. नसन तर मी या लोकांना समजावतो. तुझं काम तुलेच माहीत.”

इथं प्रतिभानं जे केलं त्याचा तिनं पुढं पुष्कळ विचार केला. त्या वेळी मात्र विचार करायला क्षणसुद्धा लागला नाही.

“हवेत ओल सोडणाऱ्या ह्युमिडिफायरचं पाणी जड आहे भाऊ, त्याचे क्षार आहेत. बाटल्यांचा काही संबंध नाही. दहा दिवस राहू दे फक्त. वीस तारखेपर्यंत.”

“बस इतकंच ना? मग टेन्शन काहून घेते? मी घालतो ना माल आतबाहेर. मजूर नाही तर नाही.”

आणि त्या दिवसापासून चौथ्या खोलीत घरचं माणूस तेवढं जाऊ लागलं.

५

तिला चैन पडेना हेही खरं. खोलीत धोका नाही याची खात्री तर करून घ्यावी, म्हणून तिनं संस्थेतून आणलेलं वायू ओळखायचं हातातलं यंत्र काढलं. मिथेनसारखा वायू हवेत असला की ते आकडा दाखवतं आणि टिकटिक करतं.

सोळा तारखेला भरतीच्या वेळी, सकाळी आठच्या पुढं, तिनं अख्खी खोली पालथी घातली. जमिनीलगत, छताला, बाटल्यांच्या बुचांना, दाराच्या कडेला, सगळीकडं शून्य. तिचा जीव भांड्यात पडला. खारं केळं आणि मिठाची रेघ यांची कारणं पुढं सावकाश शोधता येतील. हवा स्वच्छ आहे, भाऊला धोका नाही, झालं.

“काय दाखवते तुझी मशीन?” भूपेंद्र मागून येऊन तिच्या खांद्यावरून वाकला.

यंत्र टिकटिकलं. आकडा शून्यावरून चारावर गेला.

“सकाळी गाडीत डिझेल भरलं का तू?” तिनं विचारलं.

“हो, पंपावरूनच आलो.”

“हाताला लागलं असेल.” ती म्हणाली आणि यंत्र त्याच्या हाताजवळ नेलं. शून्य. सदऱ्याजवळ नेलं, शून्य. तो हसला, “दारू पकडायची मशीन आहे का काय? आपण तर सुपारीपण नाही खात,” आणि तो बोलत असेपर्यंत यंत्र टिकटिकत राहिलं. तो गप्प झाला तेव्हा तेही गप्प झालं.

प्रतिभानं यंत्र खाली ठेवलं. एवढ्यानं पुरावा होत नाही. पोटातल्या जिवाणूंमुळे पुष्कळ लोकांच्या श्वासात थोडा मिथेन असतोच, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. तिनं एक फुगा आणला.

“फुंक यात.”

“वाढदिवस कुणाचा?”

“फुंक ना भाऊ.”

त्यानं गाल फुगवून फुंकलं. तिनं फुग्यातली हवा सुईनं ओढून छोट्या कुपीत भरली. बारा कुप्या बाटल्यांच्या होत्या, तेरावी खोलीतल्या हवेची. फुग्यातल्या हवेच्या कुपीवर तिनं नुसता चौदा आकडा टाकला. भावाचं नाव लिहायला हात धजला नाही. त्याच दुपारी चौदाही कुप्या कुरियरनं पूजाकडे गेल्या. आता पूजाचा फोन येईल, चौदा नंबरात काही नाही म्हणेल, आणि आपण स्वतःला मूर्ख म्हणून मोकळे होऊ, असं ती चार दिवस घोकत राहिली.

६

वीस तारखेची भरती अकरा बावीसची होती. शेवटचा आकडा त्या क्षणाचाच हवा होता, म्हणजे सहा वर्षांची रेघ पुरी झाली असती. हवा हलू नये म्हणून तिनं पंखा बंद ठेवायला सांगितला होता. दाबाचं यंत्र पहिल्या लाल बाटलीवर होतं, काटा दाराकडे तोंड करून.

घरी वहिनी नव्हती. ती मुलाला घेऊन नेपानगरला माहेरी गेली होती. मजूर दोन नंबरच्या खोलीशी गाडी भरत होते. चौथ्या खोलीपाशी ही दोघंच.

“तू थांब इथं,” भूपेंद्र म्हणाला. “शंभर होऊ दे माझे, मग बोलावतो.”

“आज नको ना भाऊ. आज मीच जाते आधी.”

“का? तू काय मोठी झाली का माझ्यापेक्षा?”

तो आत गेला आणि दार आपल्या जडपणानं मागं लागलं. प्रतिभा मोजू लागली. शंभर झाले. दीडशे झाले. हाक आली नाही. दाराच्या रबरी कडेतून तो लांब उसासा आला, या वेळी आत ओढल्यासारखा. दारात वहीएवढी काच होती. तिनं डोळा लावला.

आत दिवा चालू होता, पण उजेड छतावरून सरळ पडत नव्हता. तो भिंतींवर जाळ्याजाळ्यांनी हलत होता. भूपेंद्र मांडणीसमोर पाठमोरा उभा होता. त्याच्या सदऱ्याची किनार सावकाश वर आली, डावीकडं झुकली, थांबली आणि तितक्याच सावकाश उजवीकडं झुकली. डोक्यावरचे केस उभे राहून त्याच बाजूला वळले. कॅरेटावरची कागदी चिठ्ठी सुटून त्याच्या कानाजवळ आली होती आणि खाली पडत नव्हती. आत पाण्याचा थेंब नव्हता. जमीन कोरडी होती, हे तिनं नीट पाहिलं, कारण त्याचे पाय जमिनीवर नव्हते. टाचा नाही, बोटंही नाही. चार बोटं अंतर होतं.

मग कॅरेटांच्या सगळ्या थप्प्या, समोरच्या आणि मागच्या, एकदम एका बाजूला किंचित कलल्या. त्यांच्यामागून काहीतरी कूस बदलून गेल्यासारख्या.

भूपेंद्र वळायला लागला. इतक्या हळू की त्याचा चेहरा दिसायला फार वेळ लागणार होता. आणि त्याच्या खांद्यापलीकडे प्रतिभाला काटा दिसला.

तिचा हात वहीकडे गेला. तिनं आधी वेळ लिहिली, अकरा बावीस. मग आकडा लिहिला, दशांशासह. मग वही खाली टाकून दाराची मूठ ओढली.

सात सेकंद गेले असतील. नंतर तिनं ते पुष्कळदा मोजून पाहिले, आणि सातच्या खाली ते कधी आले नाहीत.

दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर, अगदी कोरडा, मांडणीपाशी उभा होता. केस बसलेले, सदरा खाली.

“अरे, झाले का शंभर?” त्यानं विचारलं. “माझे तर अडतीसच झाले होते.”

७

तिनं त्याला धरून बाहेर आणलं आणि ओट्यावर बसवलं. हात चेपले, पाणी दिलं, नाडी पाहिली. नाडी चांगली चालत होती. दवाखान्यात चल म्हणाली तर तो चिडला. मग ती आत गेली आणि बाराही बाटल्या पिशवीत भरून मागच्या नाल्याकाठी घेऊन गेली. ब्लीचिंग पावडरचं पोतंही तिनं ओढत नेलं. हातातल्या चिमट्यानं तिनं एकेक बूच उचकटलं.

निळ्या बाटल्यांतून सडक्या अंड्यांचा वास आला आणि काळा चिखल पडला, जसा पडायला हवा तसा. लाल बाटल्या उपड्या केल्या तर काहीच पडलं नाही. पाणी नव्हतं. तळाशी पांढरी भुकटी होती आणि ती बाटलीला घट्ट चिकटली होती. सहाही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि बुचं एकदाही उघडली नव्हती.

तिनं सगळ्यांवर पावडर ओतली, वर माती लोटली आणि तिथंच बसून रडली. प्रबंध गेल्याचं दुःख होतं, आणि त्याहून मोठी लाज होती. सात सेकंदांची.

भूपेंद्र मागून आला. तिच्या शेजारी उकिडवा बसला.

“इतके साल गेले ना तुझे,” तो म्हणाला. “माझ्यामुळं फेकलं का तू हे?”

“तुझ्यामुळं नाही भाऊ. माझ्यामुळं.”

“पागल आहे तू. पुन्हा आण चिखल. समुद्र काय संपला का?”

ती रडता रडता हसली. त्याचा हात तिच्या डोक्यावर होता. तो गार होता. पण खोलीतून नुकताच आलेला माणूस गारच असणार. संपलं एकदाचं, असं तिला खरोखर वाटलं. त्या रात्री ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोपली.

८

दुसऱ्या दिवशी चौथी खोली धुऊन काढली. सरूबाईनं स्वतः आत जाऊन भिंती घासल्या, बाहेर येऊन “आता बरं वाटते” म्हणाली आणि कामाला लागली. बारा वाजता प्रतिभानं घरच्या ओसरीत दोन ताटं वाढली. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. भूपेंद्र पोटभर जेवत होता आणि तोंडभर बोलत होता.

“या साली दापोऱ्याच्या मळ्यात टिश्यूची रोपं लावू. पाणी कमी लागते, आन् घड पण मोठा येते. शेजारचा सुनील सांगत होता, त्याच्या शेतात तर…”

तो थांबला. प्रतिभानं भाकरीचा तुकडा मोडला आणि वाट पाहिली.

त्याचा हात ताट आणि तोंडाच्या मधे होता. घास बोटांत तसाच. डोळे उघडे, तिच्याकडेच, आणि त्यांत हसूही होतं, बोलता बोलता असतं तसं. छाती पुरती भरून वर आलेली होती आणि ती खाली येत नव्हती.

“भाऊ?”

तिनं त्याला हलवलं. तो हलला आणि पुन्हा तसाच झाला. ती त्याच्यामागं जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. सदऱ्याखाली पाठ गार होती. तळहाताखाली काळीज चालत होतं, नेमानं, अगदी सावकाश. श्वास नव्हता. गुदमरल्याची खूणही नव्हती. भरलेलं काहीतरी भरून राहिलं होतं, एवढंच. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. आजच्या भरतीची ही वेळ तिला पाठ होती. पाणी उतरायला किती वेळ लागतो तेही पाठ होतं.

अँब्युलन्सला बोलवावं म्हणून तिनं फोन उचलला, तेवढ्यात तो हातातच वाजला. पूजा होती.

“प्रतिभा, रिझल्ट आले. बसली आहेस ना?” पूजाचा श्वास आनंदानं फुलला होता. “बारा बाटल्यांत फारसं काही नाही गं. लाल, निळ्या, सगळ्या जवळजवळ कोऱ्याच. तेरावा खोलीतल्या हवेचा, तोही कोरा. पण हा चौदा नंबर कुठला? मिथेन, इथेन, प्रोपेन, तिन्ही भरभरून आहेत. मी तीनदा लावून पाहिला. हा पुरता जिवंत आहे, प्रतिभा. तुझा अख्खा प्रबंध या एका नमुन्यात आहे. ही बाटली वेगळी ठेवली होतीस का?”

प्रतिभानं फोन कानाशी घट्ट धरला. तळहाताखाली पाठ अजून थोडी फुगली.

“हे बघ, सरांशी मी बोलते,” पूजा म्हणाली. “बाकीच्या फेकल्यास तरी चालतील. ही तेवढी जप. बंद ठेव, उघडू नको. आतला दाब वाढला की आणखी एक नमुना घे. ऐकते आहेस ना? ही आहे ना तुझ्याकडं अजून?”

“आहे,” प्रतिभा म्हणाली, आणि भाऊच्या पाठीवरचा हात तिनं काढला नाही.